जळालेली हाडं काय सांगतात? खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहिरीचं, शेततळ्याचं नाहीतर पाइपलाइनचं खोदकाम निघालं की तापी-गिरणेच्या काठी कुठेतरी मडकं लागतं. आत पांढरे तुकडे दिसतात, फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि खाली मेसेज येतो, "भाऊ, हाई काय शे?" त्यानंतरचे प्रश्न बहुधा तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. घाईत असाल तर "मडकं उघडून बघू का?" एवढा एक प्रश्न आधी वाचा, बाकीचं सवडीने.

माणूस जाळल्यावर तर राखच होते. अभ्यासाला उरतं काय?

राख होते ती लाकडांची. माणसाची हाडं उरतात. ज्यांनी तिसऱ्या दिवशी राख सावडली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी. आगीत पाणी उडतं, कोलॅजन जळून जातं, खनिज टिकतं. ते आकसतं, वाकडं होतं, तडकतं, पण नाहीसं होत नाही.

एवढंच नाही, भरपूर तापून पांढरं झालेलं हाड मातीत कच्च्या हाडापेक्षा जास्त टिकतं. तापल्यावर त्याच्या खनिजाचे स्फटिक मोठे आणि घट्ट होतात, आणि जिवाणूंनी खावं असं काही त्यात राहत नाही. कोकणातल्या जांभ्यासारख्या आम्लधर्मी मातीत न जळलेला सांगाडा विरघळून जातो, जळालेले तुकडे तेवढे राहतात. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत दोन्ही टिकतात, हे आपलं नशीब.

खानदेशात अशी दहनाची दफनं सापडली आहेत का?

इथे लोकांची अपेक्षा आणि पुरावा यांत बरंच अंतर आहे.

खानदेशात उत्खननं बरीच झाली. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे म. न. देशपांडे यांनी १९५० च्या दशकात खोदकाम केलं. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशाला बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये केलं. धुळे जिल्ह्यात कवठ्याला डेक्कन कॉलेजने १९८० च्या दशकात केलं. ज्या सावळद्यावरून एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचं नाव पडलं, ते गावही तापीकाठचंच. बहाळच्या समोर, नदीपलीकडे टेकवाड्याला दफनं मिळाली, त्यात कुंभातली होती आणि खड्ड्यातलीही.

पण ताम्रपाषाण काळातले इथले लोक, म्हणजे आजपासून साधारण तीन ते चार हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी, आपली माणसं मुख्यतः पुरत होते, जाळत नव्हते. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखाली पुरायचे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला अशी दफनं मोठ्या संख्येने मिळाली. त्यामुळे पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) मडकं निघालं आणि आत बारीक हाडं दिसली, तर ती न जळलेली बाळाची हाडं असण्याची शक्यता जास्त. जुनी हाडं मुळातच फिकट असतात, म्हणून लोक "जळालेली" म्हणून मोकळे होतात.

दहनाचा पुरावा महाराष्ट्रात अगदीच नाही असं नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादला, एकाच सांस्कृतिक थरात, तीन वेगवेगळ्या प्रकारची दफनं नोंदली गेली: एक खड्ड्यातलं, एक दहनानंतर अस्थी कुंभात ठेवलेलं आणि एक नुसतं प्रतीकात्मक. एका गावात, एका काळात तीन रीती. "तेव्हाचे लोक असं करायचे" असं एका दमात सांगणाऱ्या माणसावर मी म्हणूनच फार विश्वास ठेवत नाही.

आजही तेच आहे की. ज्या गावात अग्निडाग देतात त्याच गावात तान्ह्या बाळाला पुरतात, आणि गोसावी, लिंगायत समाजात मोठ्यांनाही पुरतात.

हे तुकडे जळालेल्या हाडाचेच आहेत, हे कसं ओळखायचं?

आधी चुनखडीचा खडा बाजूला काढा. आपल्या जमिनीत पांढऱ्या गाठी ढिगाने असतात आणि फोटोत त्या हुबेहूब हाडासारख्या दिसतात. तुटलेली कड बघा. खडा आतून सगळीकडे सारखा, पिठूळ असतो. हाडाला बाहेर घट्ट कवच असतं आणि आत जाळी, किंवा मज्जेची पोकळी. कवटीच्या तुकड्यात दोन घट्ट पापुद्रे आणि मध्ये बारीक जाळी असा तीनपदरी थर दिसतो. तो एकदा नीट पाहिला की पुन्हा चुकत नाही. लिंबू पिळून फेस बघण्याचा प्रयोग करू नका. जमिनीतला चुना हाडावरही चढलेला असतो, फेस त्याचाही येतो, आणि नमुना मात्र खराब होतो.

दुसरी फसगत काळ्या रंगाची. जमिनीतलं मँगनीज हाडावर बसतं आणि हाड कोळपल्यासारखं काळं दिसतं. अशा वेळी आधीच तुटलेली एखादी कड शोधायची (नवीन तोडायची नाही). मँगनीज वरवर ठिपक्यांनी, फांद्यांच्या नक्षीने पसरतं आणि आत हाड फिकटच राहतं. जळाल्याचा काळेपणा आत उतरलेला असतो. भिंगाखाली हा फरक शाळेतल्या पोरालाही कळतो.

तिसरी गोष्ट, हाड जळालेलं आहे म्हणजे माणूस जाळला असं नाही. जुन्या घरात दफन जमिनीखाली आणि चूल जमिनीवर. पुढच्या पिढीने नेमकी त्याच जागी चूल मांडली तर खालची हाडं काही बोटं खोलीपर्यंत भाजून निघतात. हाडं जागच्या जागी, सांगाड्याच्या क्रमाने असतील आणि एकाच बाजूने काळवंडलेली असतील, तर दहनाचा विचार सोडा.

माणसाचं की जनावराचं?

तुकडा मोठा असेल तर आकारावरून कळतं. नखाएवढा असेल तर पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गाय, बोकड, डुक्कर यांच्या हाडात बहुतेकदा विटांच्या रांगांसारखी मांडणी दिसते, मोठ्या माणसाच्या हाडात गोल गोल नलिकांची. पण काही जनावरांत दोन्ही असतात, म्हणून एका कापावर निकाल देत नाहीत. चितेवर बोकड किंवा त्याचा एखादा भाग ठेवण्याची रीत जगात अनेक ठिकाणी होती. तेव्हा दोन्ही प्रकारची हाडं एकत्र निघाली तर गोंधळून जाऊ नका, ती नोंदवा.

मडकं उघडून बघू का?

नको. रिकामं तर अजिबात करू नका.

कारण सविस्तर सांगतो, "पुरातत्त्ववाले उगाच घाबरवतात" असं अनेकांना वाटतं. कुंभात हाडं कोणत्या क्रमाने पडली हा स्वतंत्र पुरावा असतो. आश्वलायन गृह्यसूत्र या घरगुती विधींच्या प्राचीन ग्रंथात अस्थिसंचयनाची रीत दिलेली आहे. अंगठा आणि अनामिका यांच्या चिमटीत एकेक अस्थी उचलायची, आवाज न करता कुंभात ठेवायची, पायांपासून सुरुवात आणि डोकं शेवटी. मग सुपाने पाखडून राख वेगळी करायची आणि जिथे पावसाखेरीज दुसरं पाणी वाहून येणार नाही अशा खड्ड्यात कुंभ ठेवायचा. पुरुषासाठी एक कुंभ, स्त्रीसाठी वेगळ्या घडणीचा.

आता विचार करा, असा कुंभ खरोखर सापडला तर काय दिसेल? तळाशी पायाची हाडं, वर कवटीचे तुकडे, आणि राख-कोळसा जवळजवळ नाही. कुणी घाईने फावड्याने गोळा केलं असेल तर सगळं मिसळलेलं, कोळशासकट. ग्रंथातली रीत प्रत्यक्षात कोणी पाळत होतं की नाही, हे तपासायचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. आणि तो मार्ग मडकं उपडं करताक्षणी बंद होतो. हाडं सगळी हाती राहतात, क्रम गेलेला असतो.

म्हणून आता प्रयोगशाळेत कुंभ मातीसकट उचलून नेतात. शक्य असेल तर आधी सीटी स्कॅन करतात, तोच जो आपण दवाखान्यात करतो. मडकं न फोडता आत कोणता तुकडा कुठे, किती मोठा, मणी किंवा तांब्याचा तुकडा आहे का, हे दिसतं. मग एक-दोन सेंटिमीटरचे थर करून वरून खाली माती काढत जातात. प्रत्येक थराची हाडं वेगळ्या पिशवीत, वेगळं वजन, वेगळा फोटो. स्कॅन आधी करण्याचं आणखी एक कारण आहे: मातीतून सोडवताना जळालेलं हाड आणखी तुटतं. स्कॅनमध्ये बोटभर दिसलेला तुकडा टेबलावर येईपर्यंत चार तुकड्यांचा होतो, आणि मग प्राचीन लोकांनी हाडं मुद्दाम फोडली होती असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

तुमच्या हातात मडकं आलंच असेल तर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा, जागा आणि खोली लिहून घ्या, वर गोणपाट झाका. पाण्याने धुऊ नका. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकताना आतली हाडं चिरडते.

रंगावरून काय कळतं?

साधारण उष्णता आणि हवा. तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास हाड तपकिरी-काळं, पाचशे-सहाशेला राखाडी-निळसर, साडेसहाशे-सातशेच्या वर पांढरं होतं. पण नुसती उष्णता बघून भागत नाही. वीटभट्टीत जशी हवा न लागलेली वीट मधोमध काळी राहते, तसंच हाडाचं: बाहेर पांढरं, आत काळी रेघ. म्हणजे आग मोठी होती पण पुरेसा वेळ मिळाला नाही, किंवा ढीग कोसळून हाड राखेत गाडलं गेलं.

एकाच माणसाची सगळी हाडं एका रंगाची क्वचितच असतात. छाती-पोटाकडचा भाग आणि सरणाच्या कडेला आलेले हात-पाय यांच्या उष्णतेत फरक पडतो. पाय काळे आणि बाकी पांढरं असेल, तर सरण आखूड होतं किंवा लाकूड कमी पडलं, इतक्या साध्या गोष्टीचा अंदाज बांधता येतो. रंग डोळ्यांना फसवू शकतो, तेव्हा इन्फ्रारेड किरणांच्या तपासणीने स्फटिकांची वाढ मोजतात आणि त्यावरून उष्णतेचा पल्ला ठरवतात.

हिरवा डाग दिसला तर खूश व्हा. तिथे तांबं होतं, बांगडी, मणी, काहीतरी. लाल अकीकाचे मणी आगीत जास्त तापले की पांढरट होऊन तडकतात, त्यामुळे "पांढरा दगडी मणी" फेकून देऊ नका.

देह जाळला होता की आधी पुरून नंतर नुसती हाडं जाळली?

मांस असताना जळालेल्या लांब हाडावर आडव्या, अर्धचंद्राकार चिरा पडतात आणि हाड पिळवटतं. वाळलेलं हाड बहुधा सरळ, उभं तडकतं. पुस्तकात इतकंच असायचं. पुढच्या प्रयोगांत दिसलं की कोलॅजन शाबूत असेल तर वाळलेल्या हाडातही तशाच वाकड्या चिरा येऊ शकतात. म्हणून आता या खुणेवर एकटीच्या भरवशावर कोणी बोलत नाही. गरम हाडावर दूध-पाणी शिंपडलं तरी तडे वाढतात, तीही शक्यता लक्षात ठेवावी लागते.

कुंभात फक्त पाव किलो हाडं निघाली. म्हणजे लहान मूल का?

असं धरून चालू नका. आजच्या विद्युत किंवा गॅस दाहिनीत एका प्रौढ माणसाची, बारीक भुकटी सोडून, साधारण एक ते अडीच किलो हाडं उरतात. प्राचीन कुंभांत बरेचदा त्यापेक्षा खूप कमी असतात, कारण सगळी हाडं उचलायचीच असा नियम नव्हता. काही उचलली, बाकी चितेच्या जागी राहिली, काही नदीत गेली, काही नातलगांनी वाटून घेतली असंही असू शकतं. वय ठरवायचं ते हाडांच्या वाढीवरून, वजनावरून नव्हे.

उलट प्रश्नही येतो: जास्त हाडं म्हणजे दोन माणसं का? वजनाकडे बघत नाहीत, पुनरावृत्ती शोधतात. माणसाला डाव्या कानाच्या आतलं टणक हाड एकच असतं. ते दोनदा मिळालं की माणसं दोन. मानेच्या दुसऱ्या मणक्याचा वर आलेला सुळकाही तसाच एकमेव आणि आगीतून बऱ्यापैकी वाचणारा. जपानमध्ये दहनानंतर नातलग काठ्यांनी अस्थी उचलतात, पायाकडून डोक्याकडे जातात, आणि हाच मणका शेवटी ठेवतात.

स्त्री होती की पुरुष, वय किती, हे कळतं?

वय बऱ्यापैकी. लहान मुलांच्या हाडांची टोकं जुळलेली नसतात. हिरड्यातून वर न आलेले दात जबड्यात झाकलेले असल्यामुळे आगीतून वाचतात, आणि त्यांच्या वाढीवरून मुलाचं वय फारच जवळ जाऊन सांगता येतं. वर आलेल्या दातांचं एनॅमल मात्र तडकून उडून जातं, मुळं उरतात. प्रौढांच्या बाबतीत "वीस ते चाळीस" असं ढोबळ उत्तर मिळालं तर नाराज होऊ नका, प्रामाणिक उत्तर तेच असतं.

लिंग ठरवणं अवघड. कटीच्या हाडाचे नेमके तुकडे मिळाले तर ठीक, नाहीतर मापं घ्यावी लागतात, आणि आगीने हाड आकसलेलं असतं, कधी थोडं, कधी पाव हिश्शाच्या आसपास. आकसलेल्या पुरुषाचं माप स्त्रीच्या मापात बसतं. "नाजूक हाडं, म्हणजे बाई" असं कोणी फोटो बघून सांगत असेल तर हसून सोडून द्या.

डीएनए काढता येईल का?

पूर्ण पांढऱ्या झालेल्या हाडातून व्यवहारात नाही. तेवढ्या उष्णतेत तो टिकत नाही. अर्धवट जळालेल्या, काळपट-तपकिरी हाडात क्वचित संधी असते.

हे आमच्या समाजाचे पूर्वज होते का? कोणत्या जातीचे, धर्माचे?

हाडावरून जात कळत नाही. धर्मही कळत नाही. दहन केलं म्हणून एक आणि पुरलं म्हणून दुसरा, हा हिशोब जुन्या काळाला लावता येत नाही. जगातला फार जुना ठाऊक असलेला दहनाचा पुरावा ऑस्ट्रेलियातल्या मंगो सरोवराकाठच्या एका स्त्रीचा आहे, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या प्राचीन स्मशानांत दहन आणि दफन शेजारी-शेजारी आहेत. बौद्ध स्तूपांत जपलेल्या अस्थीही दहनानंतरच्याच. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवाच्या स्तूपात १८९८ मध्ये मिळालेल्या करंडकांत त्या होत्या. ही रीत कोणा एकाच्या मालकीची नाही.

काळ कसा ठरवतात?

जिवंतपणी शरीरात आलेला किरणोत्सारी कार्बन मरणानंतर किती घटला त्यावरून वय काढतात, ते कार्बन-१४ मापन. नेहमी ते हाडातल्या कोलॅजनवर होतं, आणि इथे कोलॅजन जळून गेलेलं. त्यामुळे विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत जळालेलं हाड कालमापनाच्या कामाचं नाही असं मानत. २००१ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की पांढऱ्या झालेल्या हाडाच्या खनिजातच थोडा कार्बोनेट घट्ट अडकून राहतो, आणि त्यावरून भरवशाचं मापन होतं. दोन-एक ग्रॅमचा तुकडा पुरतो.

मग एक वेगळीच भानगड निघाली. हाड तापताना आसपासच्या धुरातला कार्बनही त्यात शिरतो. म्हणजे मोजलेला कार्बन थोडा माणसाचा, थोडा लाकडाचा. हे आपल्याकडच्या सरणावर समजून घ्या. गोवऱ्या आणि पऱ्हाटी असेल तर चिंता नाही, ते या वर्षी-गेल्या वर्षीचं जळण. बाभळीच्या फांद्या, चार-दहा वर्षं, चालून जाईल. पण दोनशे वर्षांच्या चिंचेचा गाभा घातला, किंवा पडक्या वाड्याचं सागवान, तर त्या लाकडाने हवेतून कार्बन घेऊन दोन-तीन शतकं उलटलेली असतात. मेलेला माणूस कागदावर तेवढा जुना होऊ शकतो. म्हणून कुंभात बारीक काटकी, जळका दाणा, गवताची काडी मिळाली तर तिचंही मापन करून ताळा पाहतात. त्या काडीसाठी तरी माती चाळून फेकू नका.

तो माणूस इथलाच होता की बाहेरून आला?

या प्रश्नासाठी जळालेलं हाड उपयोगी ठरेल असं कुणाला वाटलं नव्हतं. प्राणवायूच्या समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा) माग आगीत बिघडतो. स्ट्रॉन्शियमचा मात्र टिकतो. खडकातला स्ट्रॉन्शियम मातीत, पिकात आणि तिथून हाडात येतो आणि त्याच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण खडकागणिक बदलतं. कानाच्या आतलं टणक हाड बालपणी घडतं आणि पुढे बदलत नाही, म्हणून ते लहानपणची जागा सांगतं. बरगडी किंवा मांडीचं हाड आयुष्याच्या शेवटच्या वर्षांची.

याचं गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाचं. तिथली जळालेली हाडं विल्यम हॉली यांनी १९२० च्या दशकात काढली. त्या काळी त्यांचं काही होणार नाही असं समजून १९३५ मध्ये सगळी एकाच खड्ड्यात पुन्हा पुरून टाकली. २००८ मध्ये ती परत काढली तेव्हा कोण कोणत्या खड्ड्यातला हे मिसळून गेलं होतं. तरीही क्रिस्टोफ स्नूक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २५ जणांची हाडं तपासली आणि त्यातले १० जण अखेरच्या वर्षांत स्टोनहेंजच्या परिसरात राहत नव्हते असं निघालं. त्यातल्या काहींचे आकडे पश्चिम वेल्सशी जुळणारे, जिथून तिथले लहान निळे दगड आणले होते.

खानदेशात हे इतकं झकास जमेल असं समजू नका. आपण बेसॉल्टच्या मधोमध बसलो आहोत. काळा कातळ इथेही, नेवाशालाही, जुन्नरलाही, सातपुड्याच्या मोठ्या भागातही. प्रकाशाचा माणूस आणि प्रवरेकाठचा माणूस या चाचणीत जवळपास सारखेच दिसतील. राजस्थानच्या अरवलीकडचा कुणी आला असेल तर मात्र उठून दिसेल, कारण तिकडचे खडक फार जुने आणि वेगळे. ताम्रपाषाण काळात माळवा-राजस्थानशी आपले संबंध होतेच, मडक्यांवरून ते कळतं. माणसंही आली का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मृत्यू कशाने झाला ते कळेल?

बहुतेक वेळा नाही. सांधेदुखी, दाताचे रोग, रक्तक्षयाच्या खुणा यांसारखं काही सुदैवाने नेमका तुकडा वाचला तर दिसतं. आगीने पडलेली चीर आणि जिवंतपणी झालेली जखम यांत फरक करता येतो, पण त्याला सराव लागतो.

प्रकाशाला, मुडावदला नदीपात्रात हाडं दिसतात. तीही प्राचीन का?

नाही. ती लोकांनी विसर्जित केलेल्या अस्थींची असतात, अलीकडची. ज्या घरच्या आहेत त्यांच्यासाठी त्या श्रद्धेचा विषय आहेत. हात लावू नका, फोटो काढू नका.

सापडल्यावर कुणाला कळवायचं? शेत जप्त होतं का?

माणसाची हाडं वाटली तर आधी पोलीस पाटलांना सांगा. ती नवी की जुनी हे ठरवणं तुमचं काम नाही. मग तलाठी भाऊसाहेब, तहसीलदार. १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत दडलेली दहा रुपयांवर किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. मणी, तांबं, सोनं यांना हे लागू होतं. नुसतं एक मडकं निघालं म्हणून शेत सरकारजमा होत नाही. जागा संरक्षित स्मारक जाहीर व्हायची तर वेगळी प्रक्रिया असते, अधिसूचना निघते, हरकती मागवतात. या भीतीपोटी रातोरात जेसीबी फिरवणारे लोक मात्र आहेत, आणि नुकसान तिथेच होतं.

पांढरीची माती खत म्हणून ट्रॉलीने नेण्याची जुनी सवयही याच वर्गातली. माती खरंच कसदार असते, त्याबद्दल वाद नाही. निदान ट्रॉली भरताना मडकं लागलं तर तिथलं काम थांबवा.

मडकं घरात ठेवलं तर दोष लागतो का?

दोषाचं मला सांगता येणार नाही. हाडं दोन-चार दिवसांत गाडगं फुटून किंवा मुलांच्या हाती पडून विस्कटतात, हे नक्की. घरातल्या म्हाताऱ्यांना बरं वाटत नसेल तर ओट्यावर, सावलीत, झाकून ठेवा. उदबत्ती लावायची तर थोड्या अंतरावर लावा. कुंकू, हळद, तेल हाडांवर नको.

अभ्यास झाल्यावर हाडांचं काय करतात?

नोंद करून संग्रहात ठेवतात. कधी परत देतात: मंगो सरोवराकाठच्या त्या स्त्रीच्या अस्थी १९९२ मध्ये तिथल्या आदिवासी समाजाला परत दिल्या गेल्या. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत. स्टोनहेंजची हाडं १९३५ मध्ये दळून टाकली असती तर २०१८ चं उत्तर मिळालं नसतं. आणि कुणाच्या तरी आजीच्या अस्थी कपाटातल्या क्रमांकावर कायमच्या ठेवण्याचा हक्क आपोआप कुणाला मिळत नाही. आपल्याकडे गावकऱ्यांना निदान अहवालाची मराठी प्रत मिळाली, तरी पुष्कळ झालं म्हणायचं.

मुलाला यात शिकायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं आणि तिथे हाडांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. विज्ञान, वैद्यक, इतिहास, कुठूनही आलेले विद्यार्थी या क्षेत्रात दिसतात. धुळ्यात असाल तर राजवाडे संशोधन मंडळाचा संग्रह आधी बघून या, मडक्यांची नजर तयार होते.

आणि घरी करण्यासारखा सराव: रविवारच्या मटणाची हाडं साफ करून वाळवा, प्रत्येकाचं वजन, लांबी आणि फोटो नोंदवा. काही गोवऱ्यांच्या आगीत टाका, काही बाभळीच्या, आणि किती वेळ ठेवली ते लिहा. दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर रंग बघा, पुन्हा मोजा, किती आकसलं ते काढा. राख दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळा आणि चाळणीवर राहिलेलं व खाली पडलेलं यांचं वजन वेगवेगळं लिहा.